तीनशे शेअर आणि तीन मिनिटांचा माइक

एका खाण कंपनीची भागधारक म्हणून मला जी सेवा मिळते, तिला मी पाचपैकी दोन तारे देते. लोक मिक्सरचं, मिसळीचं, लग्नाच्या हॉलचं परीक्षण लिहितात. शेअरचं लिहितात ते भाव वर जाणार की खाली, एवढंच. पण शेअर घेतला म्हणजे आपण एक वस्तू विकत घेतलेली असते आणि तिच्याबरोबर काही गोष्टी मिळायच्या असतात: लाभांश, अहवाल, वर्षातून एकदा सभा, मत आणि विचारलं तर उत्तर. पहिल्या चार मला मिळाल्या, पाचवी नाही. त्या पाचवीसाठी मी तीन वर्षं काय काय केलं, ते लिहिते.

मी वणीची, यवतमाळ जिल्ह्यातली. पोस्टाच्या काउंटरवर बत्तीस वर्षं काढली. मनीऑर्डर, आरडी, बचत पत्रं. शेअरशी माझा काही संबंध नव्हता, तो नाद आमच्या ह्यांचा. 2010 च्या ऑक्टोबरात कोल इंडियाचा इश्यू आला, म्हणजे त्या सरकारी कोळसा कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला निघाले, तेव्हा 245 रुपये भाव होता, आणि आमच्यासारख्या किरकोळ लोकांना पाच टक्के सूट, म्हणजे 232 रुपये 75 पैसे. हे म्हणाले, ‘आयुष्यभर उकणी-निलजईच्या कोळसा खाणींची धूळ खाल्ली, आता निदान मालक तरी होऊ.’ त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी नागपूरच्या मॉयलचा, म्हणजे मँगनीजच्या सरकारी खाण कंपनीचा इश्यू आला, 375 रुपये भावानं, तोही भरला. त्यानंतर कधीतरी त्यांनी तिसऱ्या एका खाण कंपनीचे तीनशे शेअर घेतले. ती खासगी, दुसऱ्या राज्यातली. तिचं नाव मी लिहिणार नाही. ते गेल्यावर सगळे शेअर माझ्या नावावर झाले आणि मी अहवाल वाचायला लागले. पोस्टातल्या माणसाला छापील कागद न वाचता ठेवता येत नाही.

लाभांशाबद्दल तक्रार नाही. वेळेवर खात्यात जमा होतो, मोबाइलवर मेसेज येतो. एक तारा त्याचा.

अहवाल आजकाल ई-मेलनं येतो. कागदी प्रत हवी असेल तर मागावी लागते, आणि मागितली तर कंपनीला द्यावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसतं. मी मागितली. आठ दिवसांत आली, जाड, गुळगुळीत, कणिक तिंबायच्या परातीएवढी जड. पहिली ऐंशी पानं फोटोंची: हेल्मेट घातलेल्या मुली, रोपं लावणारे साहेब, नव्या शाळेतली मुलं. सगळे हसताहेत. खरा अहवाल मागच्या अंगाला असतो, बारीक टायपात, टिपांमध्ये. मी उलटीकडून वाचते. उर्दू पुस्तकासारखी.

तिथे मला ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप सापडली. कंपनीनं आपल्याच संचालकाच्या किंवा त्याच्या नातेवाइकाच्या फर्मशी व्यवहार केला, तर तो इथे दाखवावा लागतो. त्यात एक फर्म होती. काम होतं ओबी काढण्याचं आणि वाहतुकीचं.

ओबी म्हणजे काय हे वणीच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन. खुल्या खाणीत खनिजावर माती आणि दगडाचा जो थर असतो तो आधी उपसून बाजूला टाकावा लागतो. आमच्याकडे घुग्घुसच्या रस्त्याला लागलं की जे डोंगर दिसतात ते देवानं केलेले नाहीत, ते ओबीचे ढीग आहेत. खाणीचा खर्च कशावर ठरतो? बराचसा यावर, की एक टन माल काढायला किती घनमीटर माती उपसावी लागली. याला खाणीतली माणसं स्ट्रिपिंग रेशो म्हणतात. समजा हा आकडा दोनावरून चारावर गेला, तर मातीचं काम दुप्पट होतं आणि माल तेवढाच राहतो. म्हणजे ओबीच्या ठेकेदाराला जास्त पैसे गेले यात लगेच काही काळंबेरं आहे असं नाही. खाण खोल गेली असेल. पण किती खोल गेली, हे कळलं पाहिजे ना?

त्या फर्मला पहिल्या वर्षी कंपनीच्या उलाढालीच्या साडेचार टक्के रक्कम गेली होती. पुढच्या वर्षी सात टक्के. मग साडेनऊ. मालाचं उत्पादन तिन्ही वर्षं जवळजवळ सारखं. आणि स्ट्रिपिंग रेशो? तीनशेहून जास्त पानांत कुठेही नाही. लावलेल्या रोपांची संख्या मात्र आहे, अगदी एकक स्थानापर्यंत.

साडेनऊ या आकड्यापाशी मी अडकले, कारण तो दहाच्या अलीकडचा आहे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे या आकाराच्या कंपनीत असा व्यवहार वर्षाच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांवर गेला, की तो भागधारकांपुढे मताला ठेवावा लागतो, आणि त्या मतदानात प्रवर्तकांना म्हणजे घरच्या लोकांना तो मंजूर करण्यासाठी मत देता येत नाही. लहान भागधारकाच्या हातात या देशात जी काही खरी हत्यारं आहेत, त्यातलं हे सगळ्यात धारदार. दहाच्या खाली असलं, की प्रश्न ऑडिट समितीत, म्हणजे हिशेब बघणाऱ्या संचालकांच्या समितीत सुटतो. तिथले स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी नातं नसलेले संचालक मान डोलावतात आणि आपल्याला वर्षानं टीप वाचायला मिळते. साडेनऊ हा योगायोग असेलही. पोस्टात असे योगायोग बघितलेत मी. पन्नास हजारांवर पॅन कार्ड लागायचं, तेव्हा एकोणपन्नास हजारांचे भरणा करणारे लोक रांगेनं यायचे.

तर सभा. 2020 पर्यंत सभा म्हणजे प्रत्यक्ष सभा होती. मुंबईला बिर्ला मातुश्री सभागारात आमचे हे मला एकदा घेऊन गेले होते, कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या सभेला. सभेपेक्षा बाहेरची रांग लांब होती, खाऊच्या डब्याची. समोसा, वेफर्स, एक मिठाई. त्या डब्याला लोक हसतात, पण त्या रांगेत मला चार जाणकार म्हातारे भेटले होते, एक तर ताळेबंद पाठ असल्यासारखा बोलत होता. करोनात सरकारनं परिपत्रक काढून सभा व्हिडिओवर घ्यायला परवानगी दिली आणि पुष्कळ कंपन्यांना तेच सोयीचं वाटलं. वणीच्या बाईला हे बरंच आहे, मुंबईचं तिकीट वाचलं. पण रांग गेली. आता तिनशे लोक सभेला असले तरी मला दिसतात फक्त साहेब, मागे कंपनीचा पडदा आणि पाण्याची बाटली.

बोलायचं असेल तर आधी नोंदणी करावी लागते. नाव, डीमॅट खात्याचा नंबर, पॅन, मोबाइल, हे सगळं दिलेल्या मुदतीत ई-मेलनं. मी केली. शेजारचा पोरगा लॅपटॉप घेऊन येऊन बसला. ‘काकू, तुमाले बलावतीन तवा इथं दाबा लागते, नाही तं तुमचा आवाजच जात नाही,’ असं त्यानं तीनदा सांगितलं. मी होते वक्ता क्रमांक चौदा.

माझ्या आधीचे तेरा ऐकण्यासारखे होते. चार सोडले तर बाकीच्यांनी सुरुवात अध्यक्षांच्या तब्येतीपासून केली. एकानं शेर म्हटला. दोघांनी सेक्रेटेरियल खात्याची, म्हणजे सभेचे कागद बघणाऱ्या खात्याची, इतकी स्तुती केली की मला वाटलं आता आरती होते. एकानं बोनस शेअर मागितला, दुसऱ्यानं खाण बघायला सहल काढा म्हटलं. आमच्या इथल्या पतसंस्थेची सभा मी कैक वर्षं बघितली आहे. तिथे विषय वाचून होण्याआधी मागून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं. कारखान्यांच्या सभांचं तर विचारूच नका, खुर्च्याही उडतात. पण तिथे निदान एखादा पाटील उभा राहून ‘ओ चेअरमन, थांबा जरा’ असं ओरडू शकतो आणि सगळं गाव वळून बघतं. व्हिडिओच्या सभेत ओरडायची सोय नाही. माइक त्यांच्या हातात.

मला तीन मिनिटं होती. मी प्रश्न कागदावर लिहून, घड्याळ लावून, दोन मिनिटं चाळीस सेकंदांत बसवला होता. मराठीत बोलले, घाबरत नव्हे, हौसेनं. टिपेचा नंबर सांगितला. विचारलं: तिन्ही वर्षांत एक टन मालामागे किती माती काढली? घनमीटरला काय दर दिला? या कामाच्या निविदेला किती जण आले होते? आणि ऑडिट समितीनं हा व्यवहार कोणत्या कारणानं मंजूर केला? चौथा प्रश्न निम्म्यावर असताना ‘थँक यू मॅडम, नेक्स्ट स्पीकर’ असं झालं. घड्याळ माझ्याकडेही होतं. दोन मिनिटं दहा सेकंद झाली होती.

उत्तरं शेवटी एकत्र दिली. बोनसच्या प्रश्नावर साहेब चार मिनिटं बोलले. सहलीचा विचार करू म्हणाले. माझ्या प्रश्नाला एक वाक्य आलं, इंग्रजीत. त्याचा अर्थ असा की, संबंधित पक्षांशी सर्व व्यवहार नेहमीच्या कामकाजाच्या ओघात आणि आर्म्स लेंग्थ तत्त्वावर झालेले आहेत. आर्म्स लेंग्थ म्हणजे समोरचा नातेवाईक नसून परका आहे असं समजून, हातभर अंतर राखून केलेला व्यवहार. शेजारच्या पोरानं अर्थ विचारला तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, ‘हातभर अंतर ठेवलं आहे खरं, पण माझ्यापासून.’

आता दुसरा तारा कशाचा ते सांगते. ई-मतदानाचा. ही व्यवस्था खरंच चांगली आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. सभेच्या आधी किमान तीन दिवस मतदान खुलं असतं, आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. डीमॅटच्या लॉगिननं आत जायचं, ओटीपी टाकायचा, एकेक ठराव समोर येतो, बाजूनं की विरुद्ध ते दाबायचं. दहा मिनिटांचं काम. एकदा नक्की केलं की बदलता येत नाही, म्हणून मी चष्मा पुसून घेतला होता. पूर्वी सभेत हात वर करून ठराव व्हायचे, तेव्हा लांबच्या माणसाचं मत म्हणजे प्रॉक्सीच्या, म्हणजे आपल्या वतीनं दुसऱ्याला मत द्यायला सांगणाऱ्या फॉर्मवरची सही, तीही पोस्टानं. ते फॉर्म मी स्वतः शिक्के मारून पाठवले आहेत. मुदतीत किती पोहोचायचे देव जाणे.

त्या वर्षी एक ठराव होता ऑडिट समितीच्या अध्यक्षांना स्वतंत्र संचालक म्हणून दुसरी पाच वर्षं देण्याचा. दुसऱ्या मुदतीला विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश बाजूनं हवीत. मी विरुद्ध दिलं. निकाल दोन दिवसांत शेअर बाजाराच्या वेबसाइटवर येतो, तक्त्यात: प्रवर्तक, संस्था, आणि इतर लोक. मी त्या ‘इतर’च्या ओळीत माझी तीनशे मतं असतील म्हणून बोट ठेवून बघितलं. ठराव 81 टक्क्यांनी मंजूर. प्रवर्तकांकडे 62 टक्के शेअर आहेत, त्यांची सगळी मतं बाजूनं. ती बाजूला काढून मी वहीत हिशेब मांडला. बाकीच्या ज्यांनी ज्यांनी मत दिलं त्यात जवळजवळ दोन तृतीयांश विरुद्ध होते! म्युच्युअल फंडवाल्यांनाही बहुधा तोच वास आला होता जो मला आला.

म्हणजे बाहेरच्या तीन माणसांतल्या दोघांना नको असलेला गृहस्थ बाहेरच्यांचं हित जपायला आणखी पाच वर्षं बसला. त्याला स्वतंत्र म्हणायचं. प्रवर्तकांच्या मतांवर निवडून येणारा माणूस प्रवर्तकांच्या फर्मचं बिल तपासणार आणि त्यानं का मंजूर केलं ते मला सांगणार नाही. माझं सगळं परीक्षण या एका मुद्द्यावर उभं आहे. लाभांश दिला, अहवाल दिला, मत दिलं, पण कारण दिलं नाही. पोस्टात आम्ही पैसे नाकारले तरी कारण लिहून शिक्का मारत होतो.

कायद्यात लहान भागधारकांचा वेगळा संचालक नेमायची सोय आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 151. ज्याच्याकडचे शेअर दर्शनी किमतीनं वीस हजारांपर्यंत आहेत तो लहान भागधारक. दर्शनी म्हणजे बाजारातली नव्हे, शेअरवर लिहिलेली किंमत. माझ्या शेअरची ती दहा रुपये, तीनशे गुणिले दहा, तीन हजार, म्हणजे मी लहानात लहान. पण अशा हजार जणांनी, किंवा एकूण लहान भागधारकांच्या एक दशांशांनी, यातलं जे कमी असेल तेवढ्यांनी सह्या करून मागणी करायची. हजार जण मी कुठून आणू? वणीच्या पोस्टात आरडीचे हजार खातेदार मी नावानं सांगू शकले असते. या कंपनीचा दुसरा एकही भागधारक मी आजवर डोळ्यांनी बघितलेला नाही. रांग गेली म्हणाले ना, त्याचा अर्थ हा.

मग मी कागद मागायला लागले. संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त भागधारकाला बघता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. सर्वसाधारण सभेचं मात्र बघता येतं, फुकट, कामाच्या दिवशी कार्यालयात जाऊन. प्रत हवी असेल तर पानाला जास्तीत जास्त दहा रुपये, आणि कंपनीनं ती सात कामकाजाच्या दिवसांत द्यायची. मी पैसे भरले. सात दिवसांची एकोणीस झाली, मग चार पानं आली. माझ्या प्रश्नाचं त्यात काय झालं होतं? ‘सदस्यांनी कंपनीच्या कामकाजाबाबत विविध प्रश्न विचारले. अध्यक्षांनी त्यांना समाधानकारक उत्तरे दिली.’ समाधान कोणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. चाळीस रुपये गेले.

व्हिडिओ सभेचं लेखी रूपांतर कंपनीनं आपल्या वेबसाइटवर ठेवायचं असतं. ते नव्हतंच. तेव्हा मी सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार केली. तिथे कंपनीला एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि या पोर्टलबद्दल मी चांगलंच बोलेन. अठराव्या दिवशी रूपांतर वेबसाइटवर आलं. मी धावत उघडलं. वक्ता क्रमांक चौदा. माझं नाव बरोबर होतं. ‘नमस्कार’ होतं. पुढे कंसात ‘इनऑडिबल’, म्हणजे ऐकू आलं नाही, मग ‘टन’, पुन्हा ‘इनऑडिबल’, मग ‘थँक यू मॅडम’. मराठी असल्यामुळे बिचाऱ्या टायपिस्टला कळलं नसेल. वक्ता क्रमांक सहाचा हिंदी शेर मात्र अक्षरन् अक्षर उतरला होता.

एवढ्यावर कोणी म्हणेल, काकू, तीनशे शेअर विका आणि एफडी करा. धाकटे दीर हेच म्हणतात. पण तीनशे शेअरवाल्यांचंच असं होतं असं समजू नका. कोल इंडियाचंच घ्या. सरकारकडे तेव्हा नव्वद टक्के शेअर होते. लंडनच्या टीसीआय नावाच्या फंडाकडे एक टक्क्याच्या थोडे वर. 2012 मध्ये त्यांनी संचालकांना पत्र लिहिलं की तुम्ही सरकारच्या सांगण्यावरून कोळसा बाजारभावापेक्षा फार स्वस्त विकता, आणि संचालकाचं कर्तव्य सगळ्या भागधारकांशी असतं, एकट्या मोठ्या मालकाशी नाही. प्रकरण कोर्टात गेलं. 2014 मध्ये तो फंड शेअर विकून बाहेर पडला. करोडो डॉलरवाल्यांची ही कथा. त्यांचे वकील इनऑडिबल नसतील.

या भांडणात मी कोणाच्या बाजूची, ते मला आजही नीट ठरवता येत नाही. कोल इंडियाची भागधारक म्हणून कोळसा महाग विकावा असं मला वाटायला हवं. पण त्याच कोळशावर माझा पंखा फिरतो. माझा लाभांश आणि माझं वीजबिल समोरासमोर उभे आहेत. म्हणून स्वस्त का विकला याचं मला तितकं दुःख नाही. सरकार मालक आहे, त्याला जनतेचं बघायचं असेल. पण मग संचालकांनी सरळ लिहावं, की आम्ही हे का केलं आणि त्यात तुमचे अमुक गेले.

गंमत अशी की सरकार स्वतः अल्पमतात आलं की त्यालाही हेच सगळं खुपतं. हिंदुस्तान झिंकमध्ये 2023 साली वेदांता या खाण समूहाकडे जवळपास 65 टक्के शेअर होते आणि सरकारकडे साडेएकोणतीस. जानेवारी 2023 मध्ये त्या कंपनीच्या मंडळानं ठरवलं की वेदांता समूहाचाच परदेशातला जस्ताचा धंदा जवळपास तीन अब्ज डॉलर रोख देऊन विकत घ्यायचा. घरातल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात, फक्त पहिल्या खिशात आपलेही पैसे. सरकारनं लेखी विरोध केला, संबंधित पक्षाचा व्यवहार म्हणून. प्रस्ताव बारगळला. त्या पत्राची बातमी वाचली तेव्हा मी एकटीच हसले. भारत सरकारही वक्ता क्रमांक चौदा झालं होतं. फरक इतकाच, की त्याला तीन मिनिटांवर थांबवता आलं नाही.

गोव्यातली गोष्ट आणखी जुनी. ज्यांनी सेसा गोवाचे शेअर लोहखनिजाची कंपनी म्हणून घेतले होते, त्यांच्या हातात 2013 च्या विलीनीकरणानंतर तांबं, ॲल्युमिनियम, वीज, तेल आणि बरोबर मोठं कर्ज असं सगळं बोचकं आलं. त्याच सुमारास गोव्यातल्या खाणी 2012 पासून बंद होत्या. पुढे कंपनीचं नावही बदलून वेदांता झालं. आणि 2020 मध्ये प्रवर्तकांनी ती शेअर बाजारातून काढून घ्यायचं ठरवलं, सुरुवातीला सांगितलेला भाव होता 87 रुपये 50 पैसे. पण त्या पद्धतीत भाव शेवटी बाहेरचे भागधारक बोली लावून ठरवतात. एलआयसीनं 320 ची बोली लावली. लागणारे 134 कोटी शेअर जमले नाहीत आणि बेत फसला. हे मी माझ्या दिरांना मुद्दाम सांगते. जिथे नियमानं लहानाच्या हातात खरी किल्ली दिली, तिथे कुलूप उघडलं नाही. जिथे फक्त ‘प्रश्न विचारा’ म्हटलं, तिथे समाधानकारक उत्तरे दिली.

तिसरा तारा द्यायला मी तयार आहे, आणि तो महाग नाही. अहवालातल्या एका फोटोची जागा पुरेल. टनामागे किती माती, निविदा किती आल्या, आणि ऑडिट समितीनं मंजुरी का दिली याच्या तीन ओळी. संचालकांच्या हजेरीचा तक्ता देतात तसाच. त्या तक्त्याबद्दलही सांगायचं आहे: कोण किती बैठकांना आला ते त्यात असतं, बैठक किती वेळ चालली ते नसतं. एका बैठकीला एक लाखापर्यंत मानधन देता येतं. पोस्टात आम्ही मस्टरवर आल्याची वेळ लिहायचो, गेल्याचीही.

कोणाला हे शेअर घ्यावेत का असं विचारायचं असेल तर मला विचारू नका. भावातलं मला कळत नाही. घेतले असतील तर मात्र कागदी अहवाल मागा, मागून वाचा आणि मत द्या. दहा मिनिटं लागतात.

परवा यंदाचा अहवाल आला. पोस्टमन माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा, म्हणाला, ‘बाई, यंदा वजन वाढलं.’ मी दारातच पाकीट फोडून शेवटून उघडलं. ओबीची रक्कम उलाढालीच्या 9.7 टक्के. स्ट्रिपिंग रेशो नाही. आर्म्स लेंग्थचं वाक्य तेच, स्वल्पविरामही त्याच जागी. सभा व्हिडिओवरच आहे. नोंदणीचा ई-मेल मी त्याच दुपारी पाठवला आणि यंदा प्रश्न इंग्रजीत लिहून घेतलाय, शेजारच्या पोराकडून. एक मिनिट पन्नास सेकंदांत बसतो.